मोरसास गेलेल्या पूर्वजाचा माग

जुन्या पिढीतील मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. हा शब्द आता मावळत चालला आहे. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटाची साखर मुंबईच्या बंदरात उतरू लागली आणि बेटाच्या नावानेच ती ओळखली जाऊ लागली. साखर आली आणि तिच्याबरोबर शब्द आला. परंतु ती साखर ज्या उसापासून होई तो ऊस तोडावयास आपल्याच कोकणातून जी माणसे गेली, त्यांची आठवण मात्र आपल्या वाङ्मयात वा इतिहासलेखनात फारशी राहिलेली नाही. अशा एका माणसाचा माग काढण्याचा उद्योग आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने केला. त्या उद्योगात कोणती साधने उपयोगी पडली, कोणती निरुपयोगी ठरली आणि भाषेच्या अभ्यासकाला त्यात काय सापडले, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. तत्पूर्वीच, मजुरांचा तुटवडा पडणार हे ओळखून, तेथील ऊसमळ्यांच्या मालकांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. पुढे ही वाहतूक काही काळ थांबवण्यात आली. १८४२ च्या पंधराव्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या रीतीने त्या बेटावर उतरली. त्यांतील बहुसंख्य बिहार-बंगालकडील व मद्रासकडील होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण एकंदरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. तथापि आजचा मॉरिशसमधील मराठी समाज मुख्यतः याच लोकांचा वंशज आहे. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो व २००६ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

आमची विद्यार्थिनी मॉरिशसची. घरी क्रिओल, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी ही शाळेत शिकलेली व आजीच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकलेली भाषा. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी तिने आपल्या मराठी पूर्वजाचाच विषय निवडला. त्यामागे केवळ विद्येची हौस नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय पत्र मिळण्याची सवलत जाहीर केली. तिच्या काकांना ते पत्र हवे होते, आणि त्यासाठी मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंतची साखळी कागदांनी जोडणे आवश्यक होते. काकांना ‘मूळ गाव’ही हवे होते. तेथे जाऊन कुलदैवताला नारळ द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. कुटुंबाचे, मूळ पुरुषाचे व जहाजांचे नाव मी येथे देत नाही. का, ते पुढे कळेल.

कुटुंबातील परंपरा तीन गोष्टी सांगत होती. मूळ पुरुष ‘अ‍ॅटलास’ जहाजाने आला; तो मराठा सरदार घराण्यातील होता व त्याचे आडनाव नाईक होते; आणि तो मुंबईचा होता. वंशशोधनाचा अनुभव असणाऱ्यांना पहिल्या विधानाचे नवल वाटणार नाही. सर्वांत पहिल्या जहाजावर आपला पूर्वज असावा असे प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाला वाटते. परंतु ‘अ‍ॅटलास’ कलकत्त्याहून निघाले होते आणि त्यावरील मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातले होते. कोकणी माणूस त्यावर असण्याचा संभव नाही. पहिले विधान असे सहज बाद झाले. उरलेल्या दोन विधानांनी मात्र बराच छळ केला, कारण ती पूर्णपणे खोटी नव्हती.

मॉरिशसमधील शोधाचा पाया म्हणजे आप्रवासी क्रमांक. बंदरावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई, आणि तो जन्मभर, किंबहुना मरणानंतरही, त्याला चिकटून राही. मळ्यावरील करार, गावात फिरण्याचा परवाना, विवाहाची नोंद, मुलांच्या जन्माची नोंद, मृत्यूची नोंद या सर्वांत नावापुढे तो क्रमांक आढळतो. नाव बदलते, वर्णलेखन बदलते. क्रमांक बदलत नाही. म्हणून वंशजाने अलीकडून पलीकडे जावयाचे असते: आपला जन्मदाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा, असे करीत ज्या दाखल्यात पित्याच्या नावापुढे क्रमांक दिसेल तेथे थांबावे. ही वाट वाटते तितकी सरळ नाही. एक अडचण अशी की केवळ धर्मविधीने झालेला विवाह मुलकी दफ्तरात नोंदलेला नसला तर मूल आईच्या नावे लागलेले असते. दुसरी अशी की तेथे बापाचे व्यक्तिनाम हेच मुलाचे आडनाव बनले. त्यामुळे मूळ पुरुषाचे नुसते हाक मारण्याचे नाव आज सबंध कुटुंबाचे आडनाव झालेले असते, आणि गावाकडचे आडनाव, असलेच तर, कोठेही उरलेले नसते.

या कुटुंबापाशी सुदैवाने एक जुने तिकीट जपलेले होते. त्यावरील क्रमांक घेऊन ती सुटीत मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेली. आप्रवासी खात्याच्या मूळ बांधीव वह्या आता तेथे ठेवलेल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, जिल्हा, गाव, जहाज, ज्या मळ्यावर पाठवले त्याचे नाव, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, अशी त्या पानांची रचना असते. इतकी सविस्तर नोंद त्या काळच्या कोकणातील कोणत्याही गरीब माणसाविषयी त्याच्या स्वतःच्या गावात झालेली नाही. मजुराचे शरीर ही मालमत्ता मानली गेल्यामुळेच त्याचे एवढे बारकाईने वर्णन लिहिले गेले, हे ही पाने वाचताना विसरता येत नाही.

क्रमांक सापडला, पण पान हाताशी येऊनही माणूस निसटला. गावाच्या रकान्यात ‘मुंबई’, बापाच्या नावाच्या जागी आडवी रेघ, जातीच्या रकान्यात ‘मराठा’ आणि वय ३४. परंपरेतील दुसरे व तिसरे विधान सरकारी वहीनेच खरे केले असे काकांना वाटले. त्यांच्या दृष्टीने शोध येथे संपला होता.

येथे शंका घेण्यास दोन कारणे होती. मुंबईहून निघालेल्या जहाजांच्या नोंदींत ‘मुंबई’ हे गाव फार वेळा येते. रत्नागिरीचा माणूस पोटासाठी आधी मुंबईस येई, गोदीत वा बांधकामावर राबे, आणि तेथेच भरती करणाऱ्याच्या हाती लागे. ‘कोठला’ असे विचारल्यावर तो शेवटच्या मुक्कामाचे नाव सांगे, वा त्याच्या वतीने दुसराच कोणी सांगे. तेव्हा ‘मुंबई’ याचा अर्थ जन्मगाव असा घेऊ नये. दुसरे कारण शेऱ्याच्या रकान्यात होते. तेथे अगदी बारीक अक्षरात, हा मनुष्य या वसाहतीत पूर्वी येऊन गेलेला आहे, अशा अर्थाचे दोन-तीन शब्द होते. करार संपवून काही मजूर परत जात, आणि गावी पुन्हा तीच उपासमार पाहून, किंवा सोबत आणखी माणसे घेऊन, दुसऱ्यांदा येत. दुसऱ्यांदा आलेल्याची नोंद नव्या क्रमांकाने झालेली असते. म्हणजे जन्मभर न बदलणारा तो क्रमांकही एकदा बदलू शकतो. कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले तिकीट दुसऱ्या आगमनाचे होते. पहिल्या आगमनाचा क्रमांक कोणालाच ठाऊक नव्हता.

तो शोधावयाचा म्हणजे १८४० नंतरच्या दशकातील मुंबईच्या जहाजांची पाने एकेक करून वाचावयाची. नावाची सूची हाताशी असूनही तिने दगा दिला, आणि तो का दिला हे भाषाभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. मूळ पुरुषाच्या नावाचा पूर्वार्ध विठ्ठलवाचक. सूचीत ती ‘व’ पाहत होती. परंतु कोकणातील व देशावरील ग्रामीण बोलींत ‘इ’पूर्वीचा ‘व’ गळतो. विठोबाचा इठोबा होतो, विष्णूचा इस्नू होतो. बोलणारा आपले नाव ‘इठ…’ असेच सांगणार. ते ऐकणारा दुभाषा बहुधा हिंदुस्थानी किंवा तमिळ बोलणारा. त्याच्याकडून ऐकून लिहिणाऱ्या कारकुनाचा कान फ्रेंच वळणाचा आणि लेखणी इंग्रजी. अशा तीन चाळण्यांतून नाव कागदावर उतरते. फ्रेंच कानाला ‘ठ’ आणि ‘त’ यांतील भेद जाणवत नाही, महाप्राण ऐकू येत नाही, ‘ळ’ आणि ‘ल’ एकच वाटतात. आपला दंतमूलीय ‘ज’ काही पानांवर एका चिन्हाने तर काही पानांवर दुसऱ्या चिन्हाने लिहिलेला दिसतो. परिणामी ‘व’ने आरंभ होणारे नाव स्वराखाली नोंदले गेले होते, आणि तेही ‘इ’खाली नव्हे तर ‘ए’खाली. कारकुनाने चूक केली असे मी म्हणणार नाही. त्याने जे ऐकले ते लिहिले, आणि त्या माणसाची बोली आपल्यासाठी नकळत जपून ठेवली. सूची करणाऱ्यांनी मात्र मराठी नावांसाठी ‘व’ आणि ‘इ’ यांची जोडी एकत्र पाहण्याची सोय ठेवावी, अशी सूचना करावीशी वाटते.

नावाचा उत्तरार्ध अधिक बोलका होता. कुटुंबाच्या आजच्या आडनावाच्या अंती ‘नाक’ असा ध्वनी आहे, आणि ‘नाईक’ ही परंपरा त्याच्याच आधारावर उभी राहिलेली आहे. ‘नाईक’चा फ्रेंच तोंडी ‘नाक’ झाला, असे काका सांगत. व्युत्पत्ती म्हणून हे अशक्य नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी व्यक्तिनामांत ‘नाक’ हा एक सुपरिचित प्रत्यय आहे, आणि तो महार समाजातील पुरुषांच्या नावांस लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर महार सैनिकांची जी नावे कोरलेली आहेत ती या प्रत्ययाने संपतात. ‘नाक’चा ‘नायक’शी संबंध संभवनीय मानला जातो; तेव्हा ‘आम्ही मूळचे नाईक’ ही कुटुंबाची समजूत एका अर्थी त्यांना वाटत होते त्यापेक्षाही जुन्या पायावर उभी असू शकेल. पण तो अर्थ काकांना अभिप्रेत असलेला अर्थ नव्हता.

‘ए’खाली पाहिल्यावर तीन नावे निघाली. एकाचे वय जुळेना. दुसऱ्याच्या शेऱ्यात मळ्यावरच मृत्यू झाल्याची नोंद होती. तिसऱ्याचे वय २२, उंची पाच फूट तीन इंच, उजव्या भुवईवर व्रण, डाव्या मनगटावर गोंदण. करार संपल्यावर परत गेल्याचा शेरा. दुसऱ्या आगमनाच्या पानावर उंची तीच, भुवईवरील व्रण तोच. गोंदणाचा उल्लेख नाही. दोन नोंदींत अकरा वर्षांचे अंतर होते, म्हणजे वय ३३ हवे होते. वहीत ३४ आहे. ज्यांना स्वतःचे जन्मवर्ष ठाऊक नसे, त्यांच्या बाबतीत एका वर्षाची तफावत मी तफावत मानत नाही. गोंदणाचा अनुल्लेख मात्र नोंदवून ठेवला पाहिजे. दोन्ही माणसे एकच, हा निष्कर्ष नावाचा विशिष्ट घाट, उंची, व्रण आणि परतल्याचा शेरा या चार गोष्टी एकत्र पाहून काढलेला आहे. यांपैकी एकटी कोणतीही गोष्ट पुरेशी ठरली नसती.

या पहिल्या पानावर बापाचे नाव होते, आणि तेही ‘नाक’ने संपणारे. गावाच्या रकान्यात ‘पाली’ होते, जिल्ह्याचा रकाना कोरा. आणि जातीच्या रकान्यात ‘महार’.

गावाचा प्रश्न आधी सांगतो. पाली नावाने महाराष्ट्र भरलेला आहे. रत्नागिरी तालुक्यात पाली आहे, तेथे लक्ष्मी-पल्लीनाथाचे देऊळ आहे. सुधागड तालुक्यात बल्लाळेश्वराची पाली आहे. साताऱ्याकडे कऱ्हाडजवळ खंडोबाचे पाल आहे, आणि परक्या कानाने ‘पाल’चे ‘पाली’ करणे मुळीच कठीण नाही. कुटुंबात गोंधळ घालण्याची चाल होती. पण ती देशावरही आहे आणि कोकणातही. गणेशोत्सवात तेथील मराठी लोक जो ‘झाकरी’ नावाचा नाच करतात, तो रत्नागिरीकडील जाखडीच होय यात शंका नाही. तथापि तो आज सबंध मराठी समाजाचा झालेला आहे. एका कुटुंबाचे गाव ठरवण्यास त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. लोकसंस्कृतीचे पुरावे समूहाबद्दल बोलतात, व्यक्तीबद्दल नाही. आमच्या क्षेत्रातील अभ्यासक ही मर्यादा पुष्कळदा ओलांडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

अशा वेळी एक पान सोडून शेजारची पाने पाहावीत. मजूर एकेकटे क्वचितच निघत; पूर्वी जाऊन आलेला कोणी सरदार आपल्या मुलखातील पाच-दहा माणसे गोळा करी, ती एकत्र जहाजात चढत, एकत्र उतरत, आणि त्यांचे क्रमांक लागोपाठ येत. तिने मागचे दहा आणि पुढचे दहा क्रमांक उतरून काढले. त्यांत ‘नाणीज’ दोनदा आले, ‘खानू’ एकदा, ‘हातखंबा’ एकदा. एका ठिकाणी जिल्हाही लिहिलेला होता, तो रत्नागिरीच. वर्णलेखन चमत्कारिक होते, परंतु ही सारी गावे रत्नागिरीहून आंबा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, पालीच्या आसपासची आहेत. बल्लाळेश्वराच्या वा खंडोबाच्या परिसरात हा संच जुळत नाही. एका माणसाच्या कोऱ्या रकान्याचे उत्तर त्याच्या सोबत्यांनी दिले.

इतके झाल्यावर इकडच्या कागदपत्रांकडे वळणे क्रमप्राप्त होते. येथे मात्र निराशाच पदरी आली, आणि ती का आली हे पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडावे म्हणून सांगतो. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात परदेशी जाणाऱ्या मजुरांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार आहे, पण तो धोरणाविषयी आहे; माणसांच्या नावांसाठी तो फारसा उपयोगी पडला नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, त्या माणसाच्या जन्मानंतर कित्येक दशकांनी सुरू झाल्या. सातबारा व फेरफार पाहावेत तर रत्नागिरी हा खोती मुलूख. जमीन खोताच्या नावे, कसणारा कूळ, आणि कुळाच्याही खाली गावकीची कामे करणारा महार. त्याचे नाव १८४० च्या सुमारास कोणत्या सरकारी कागदात येणार? खोती १९४९ च्या कायद्याने गेली. खोतांच्या घरची जुनी दप्तरे त्यानंतर वाळवीने व अनास्थेने गेली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा वंशशोधनात मोठा आधार असतो खरा, परंतु ज्यांना देवळाच्या पायरीवरही येऊ दिले जात नव्हते त्यांची वंशावळ उपाध्याय कोठून लिहिणार? दक्षिण महाराष्ट्रातील हेळवी लोकांच्या पोथ्यांचेही तेच. त्यांचे यजमान निराळे. जुन्या कागदांत तालुक्यांची नावेही आजची नाहीत. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांवरून पडलेली नावे होती. शिवाय १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यामुळे, जुन्या नोंदीतील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजची रत्नागिरीच असे समजून चालत नाही. थोडक्यात, त्या माणसाचा स्वतःच्या देशात एकही कागद नाही. तो माणूस म्हणून लिहिला गेला तो समुद्रापलीकडेच.

आता जातीच्या रकान्याविषयी. पहिल्या वेळी ‘महार’ आणि दुसऱ्या वेळी ‘मराठा’ लिहिलेल्या माणसाने खोटे सांगितले, असा सोपा निष्कर्ष काढू नये. तेथील कारकुनाच्या लेखी ‘मराठा’ हा शब्द पुष्कळदा जातीचा नसून मुलखाचा व भाषेचा होता. मुंबईकडून आलेला, मराठी बोलणारा, तो मराठा. दुसऱ्या खेपेस त्याला जात विचारलीच नसेल. किंवा विचारली असेल, आणि अकरा वर्षांत समुद्र दोनदा, मग तिसऱ्यांदा ओलांडलेल्या त्या माणसाने, जेथे त्याला कोणी ओळखत नव्हते तेथे, गावकीचे जोखड नाव सांगताना खाली ठेवले असेल. त्याने तसे केले असल्यास त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मला कळत नाही. यांपैकी कोणता तर्क खरा, हे कागद सांगत नाही.

काकांची प्रतिक्रिया मात्र तीव्र होती. मॉरिशसमधील मराठी समाज लहान, सोयरिकी त्यातच व्हावयाच्या. ‘‘बाळे, दुसऱ्या वेळेचे पान सरकारी आहे, त्यावर क्रमांक आहे, पत्रासाठी तेवढे पुरते. पहिले पान मिळालेच नाही असे समज,’’ असा निरोप त्यांनी तिला पाठवला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘सर, हा रकाना लिहायचा की नाही?’’

मी जे सांगितले ते येथे लपवीत नाही. मी तिला म्हणालो की प्रबंधिकेचा विषय गाव शोधण्याचा आहे, गाव सापडले, जातीचा रकाना विषयाच्या कक्षेबाहेर ठेवता येईल, घरात कलह नको. मला तेव्हा तो समंजसपणा वाटला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘पण सर, ‘नाक’चा अर्थ सांगितल्याशिवाय दोन्ही पाने एकाच माणसाची आहेत हे मी सिद्ध कसे करू?’’ तिचे म्हणणे बिनतोड होते. नावाच्या घाटावरच सारा युक्तिवाद उभा होता. रकाना गाळावयाचा म्हणजे पुरावा गाळावयाचा, आणि पुरावा गाळला की पाली गावही हातचे जाते. मी माझा सल्ला मागे घेतला. तिने दोन्ही नोंदी समोरासमोर, जशा आहेत तशा, एकाही शब्दाची फिरवाफिरव न करता छापल्या. नावे मात्र गाळली. तेवढी विनंती काकांची होती आणि ती रास्त होती.

गेल्या हिवाळ्यात ती पालीस जाऊन आली. मी बरोबर होतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर जुनी वस्ती बौद्धवाडी झालेली आहे, आणि तिने शोधावयाचे कुलदैवत त्या वाडीत आता पुजले जात नाही. मोरसला कोणी गेल्याची आठवण कोणाला नव्हती. असण्याचे कारणही नव्हते, पावणेदोनशे वर्षे उलटून गेली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी तिला जवळ बसवून घेतले आणि ‘‘तू कोनाची गो?’’ म्हणून विचारले. तिने नाव सांगितले. बाईंनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘आमच्यात पूर्वी अशीच नावं व्हती.’’ घर सापडले नाही, घराणेही नाही. तिने प्रबंधिकेत तेवढेच लिहिले: गाव निश्चित, वाडी संभाव्य, घर अज्ञात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८६७ च्या मजूर कायद्यान्वये जुन्या आप्रवाशांच्या तिकिटावर छायाचित्र असणे बंधनकारक झाले, आणि त्या छायाचित्रांच्या प्रती खात्याच्या वह्यांत चिकटवलेल्या आहेत. त्या सक्तीविरुद्ध तेव्हा बरीच ओरड झाली; १८७१ साली मजुरांच्या सह्यांचा मोठा अर्ज गेला, त्यातून राजकीय आयोग नेमला गेला. ती सक्ती जुलमाचीच होती. पण तिच्यामुळे या माणसाचा चेहरा शिल्लक आहे. पन्नाशीकडे झुकलेला, डोक्याला फडके गुंडाळलेला, थेट समोर पाहणारा. भुवईवरील व्रण स्पष्ट दिसतो. प्रबंधिका पूर्ण झाल्यानंतर काही आठवड्यांनी काकांचा निरोप आला. पानांच्या प्रती त्यांनी मागितल्या नव्हत्या. छायाचित्र मोठे करून पाठव, एवढेच लिहिले होते.